केळवण मुरुडचं

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीजणी मुरुडला जाऊन आल्या आहेत? जंजिऱ्याजवळचं मुरुड नव्हे हं, ते रायगड जिल्ह्यातलं. मी म्हणते आहे ते रत्नागिरी जिल्ह्यातलं, दापोलीपासून जेमतेम बारा-तेरा किलोमीटरवरचं छोटंसं गाव. गावातून एक सरळ रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांना घरं, आणि प्रत्येक घराच्या मागे माडा-पोफळीची वाडी. एका बाजूच्या वाड्या संपल्या की समुद्रच. दुर्गादेवीचं देऊळ, महर्षी कर्व्यांचं स्मारक आणि लांबच लांब पुळण, एवढं पाहिलं की गाव पाहून झालं असं म्हणायला हरकत नाही. पण मी तिथे गाव पाहायला गेले नव्हते. मी गेले होते पुतणीला घेऊन, तिच्या केळवणाला.

केळवण म्हणजे काय ते तुम्हांला सांगायला नको. लग्न ठरलेल्या मुला-मुलीला नातेवाइकांनी एकेक दिवस जेवायला बोलवायचं. जुन्या बायका ह्यालाच गडगनेरही म्हणायच्या. यजमानांच्या सख्ख्या आत्याबाई मुरुडला असतात. वय सत्तरीच्या पुढे, गुडघे दुखरे, त्यामुळे लग्नाला येणं जमेल की नाही ह्याची त्यांना शंका. "मला येववत नाही, तर पोरीलाच इकडे धाड. चांगली आठ दिवस राहू दे," असा निरोप आला. माघाचा महिना होता, लग्न वैशाखातलं. म्हटलं, चला, त्या निमित्ताने माझंही माहेरपण होईल!

आता पुतणीविषयी थोडं सांगायला हवं. मुलगी दिसायला तरतरीत, केस तर असे की लहानपणी तिची वेणी घालताना माझे हात भरून यायचे. साखरपुडा झाला तुळशीचं लग्न लागल्यावर. फोटो आले, आम्ही सगळ्याजणी ते बघत बसलो होतो, आणि त्यात कुणीतरी म्हणालं, "दंड जरा भरलेले दिसताहेत नाही? शालूच्या ब्लाउजला विचार करावा लागेल." एवढंच. त्या दिवसापासून बाईसाहेबांचं जेवण सुटलं. सकाळी लिंबू-मध, दुपारी एक सफरचंद आणि काकडी, रात्री भाज्यांचं पाणी म्हणजे सूप. भात बंद, पोळी बंद, तूप तर विषच. मध्येच कुणाकडे केळवण असलं की मात्र आग्रहाखातर श्रीखंड-पुरी, जिलेबी, बासुंदी पोटात जायची आणि दुसऱ्या दिवशी त्याचं प्रायश्चित्त म्हणून कडकडीत उपास. तीन महिन्यांत वजन सात किलो उतरलं. सगळ्यांनी कौतुक केलं. मीही केलं.

आम्ही कऱ्हाडहून निघालो. पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, तिथून खेड आणि दापोली. घाटात गाडी वळणं घेत खाली उतरायला लागली की हवा बदलते ती लगेच कळते. कोरडा वारा मागे राहतो आणि चेहऱ्याला ओलसर, उबदार हात लागल्यासारखं होतं. मी धपाटे आणि दही बरोबर घेतलं होतं. चिपळूणच्या स्टँडवर डबा उघडला, तर तिने दोन फोडी काकडी खाल्ली आणि खिडकीला डोकं टेकून डोळे मिटले. तिच्या खांद्यावरून मी सहज हात फिरवला तर बोटांना केस. एक-दोन नव्हे, चांगला पुंजका. मी काही बोलले नाही, पण मनात चर्र झालं.

दापोलीला थंडावा असतो. गाव उंचावर आहे, इंग्रजांनी तिथे पलटणीची छावणी ठेवली होती म्हणून जुनी माणसं अजून 'कँप दापोली' म्हणतात. तिथून मुरुडच्या रस्त्याला लागलं की आसूद येतं. आसूदला उतरून केशवराजाचं दर्शन घेऊन मग पुढे जायचं असं आधीच ठरलं होतं. तुम्ही गेलात तर हे चुकवू नका. रस्त्यावरून पायवाट खाली उतरते ती थेट पोफळीच्या गर्द बागेत. डोक्यावर सावली, पायांखाली ओलावा, बाजूने पाटाचं पाणी झुळझुळत असतं. ओढ्यावरचा साकव ओलांडायचा आणि पलीकडे पायऱ्या चढायच्या. वर लहानसं दगडी देऊळ, आणि गोमुखातून पडणारं गार पाणी.

पण आम्ही वर पोचलोच नाही पहिल्या फेरीत. निम्म्या पायऱ्यांवर मुलगी थांबली, म्हणाली, "काकू, डोळ्यांपुढे काळं येतंय," आणि मटकन खाली बसली. ओठ पांढरे, कपाळावर घाम. चोवीस वर्षांची पोर! आमच्या मागून डोक्यावर पोफळांची पाटी घेऊन साठीची एक बाई चढत होती. तिने पाटी उतरवली, पदराने हिला वारा घातला, कमरेच्या पिशवीतून गुळाचा खडा काढून हातावर ठेवला. "न्याहारी नाय केलंस?" एवढंच तिने विचारलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दापोलीला जाऊन डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली आणि रक्त तपासायला पाठवलं. हिमोग्लोबिन निघालं ९.२. आपल्या बायकांना ते निदान १२ तरी हवं. थायरॉइडही तपासून घेतलं, ते ठीक निघालं. मग त्यांनी तिला समोर बसवून जे सांगितलं ते तुम्हांला सांगते, कारण मला स्वतःला ते तोपर्यंत माहीत नव्हतं.

त्या म्हणाल्या, केस आज गळतात ते आजच्या कारणाने नव्हे. शरीराला खायला कमी मिळालं की ते आधी हृदय, मेंदू, यकृत ह्यांना वाढतं. केस आणि नखं पंगतीत शेवटी. पुष्कळसे केस मग वाढायचे थांबतात, विश्रांतीला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. म्हणजे माघात हातात येणारा पुंजका हा मार्गशीर्षातल्या उपाशीपणाचा हिशेब. रोज पन्नास ते शंभर केस गळणं हे सगळ्यांचंच असतं, त्याची धास्ती नको. पण पुंजके यायला लागले तर तेल बदलत बसू नये, ताट बघावं. आणि नवा केस वाढतो तो महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. "तीन महिने आहेत ना लग्नाला? मग आजपासून जेवलीस तर लग्नापर्यंत गळणं थांबेल. पूर्वीची वेणी मात्र वर्ष-दीड वर्षाने," असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. पुतणीने विचारलं, "आणि त्या केसांच्या गोळ्या मिळतात, त्या?" त्यावर त्या हसल्या. शरीरात कमतरता नसेल तर त्या गोळ्यांचा उपयोग नाही, उलट त्यामुळे काही रक्ततपासण्यांचे आकडे चुकतात, म्हणाल्या. लोहाच्या गोळ्या तेवढ्या लिहून दिल्या. त्या लिंबाच्या पाण्याबरोबर घ्यायच्या, दुधा-चहाबरोबर नाही.

आत्याबाईंना हे सगळं सांगितलं तेव्हा त्या माजघरात वाल सोलत बसल्या होत्या. वर न बघता म्हणाल्या, "सूनबाई, पोरीला मी आठ दिवस बोलावलंय ते जेवायला बोलावलंय. गोळ्या तू दे, बाकीचं माझ्यावर सोड."

त्या आठ दिवसांत त्या घरात पक्वान्न असं एकदाच झालं, निघायच्या आदल्या दिवशी. बाकी सगळं रोजचं. सकाळी मऊ भात, वर मेतकूट आणि घरचं तूप. कधी तांदळाचं घावन आणि ओल्या नारळाची चटणी. दहाच्या सुमाराला मुठीएवढा अळिवाचा लाडू. दुपारी नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, लाल माठाची किंवा शेवग्याच्या पाल्याची भाजी, ताक. एक दिवसाआड मोड आलेल्या वालांचं बिरडं. संध्याकाळी उकडलेलं रताळं नाहीतर शेंगदाणे-गूळ. रात्री भात, आमटी, भाजी, आणि वाटीभर दही.

पुतणी पहिल्या दिवशी ताटाकडे बघून रडकुंडीला आली. "एवढा भात! आणि नारळ!" आत्याबाई म्हणाल्या, "नारळाला नाव ठेवायचं असेल तर मुरुडात नाही हो ठेवायचं, ते पलीकडे दापोलीत जाऊन." पण जबरदस्ती त्यांनी केली नाही. अर्धी भाकरी वाढली आणि म्हणाल्या, अर्धीच खा, पण चारदा खा. तिसऱ्या दिवशी पोरीने आपण होऊन पिठी मागून घेतली.

ह्या साध्या जेवणात काय काय आहे ते मी घरी आल्यावर पुस्तकं काढून पाहिलं. केस म्हणजे बहुतांशी प्रथिनंच. पंचावन्न किलो वजनाच्या बाईला दिवसाला ४५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात, आणि सफरचंद-काकडी-सुपात त्याचा चौथा हिस्साही मिळत नाही. १०० ग्रॅम कुळथात २२ ग्रॅम प्रथिनं असतात. नाचणीत १०० ग्रॅमला ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, दुसऱ्या कुठल्या धान्यात इतकं नाही. अळीव लोहाने भरलेले. आपल्या देशातल्या बायकांना रोज २९ मिलिग्रॅम लोह घ्या असं सांगितलं जातं, पण धान्या-भाजीतलं लोह शरीराला सहज लागत नाही, त्याला आंबटाची, म्हणजे क जीवनसत्त्वाची, जोड लागते. आत्याबाई पालेभाजीवर लिंबू पिळतात आणि ताटात आवळ्याची फोड वाढतात ती उगीच नव्हे. कडधान्याला मोड आणले की त्यातही हे जीवनसत्त्व तयार होतं. आणि पालेभाजीतलं जे कातडीला चांगलं म्हणतात ते अ जीवनसत्त्वाचं द्रव्य अंगी लागायला थोडं तूप-तेल लागतंच. तूप तोडलेल्या मुलींच्या कातडीला कोरड येते त्यात नवल काय!

एक गोष्ट मात्र आत्याबाईंची चुकत होती, आणि ती मी धीर करून बोलले. जेवण झालं की लगेच कपभर कडक चहा. चहाने जेवणातलं लोह अडतं. "म्हणजे माझी पन्नास वर्षं वाया?" असं त्या म्हणाल्या खऱ्या, पण दुसऱ्या दिवसापासून चहा तासाभराने ठेवू लागल्या.

लाडवाचं प्रमाण पुष्कळजणी विचारतील म्हणून देते. एका मोठ्या नारळाचं खोबरं खोवून घ्यायचं. पाव वाटी अळीव त्याच नारळाच्या पाण्यात दोन तास भिजवायचे, ते फुगून बुळबुळीत होतात. वाटीभर चिरलेला गूळ, खोबरं आणि भिजलेले अळीव एकत्र करून जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर ढवळत राहायचं. मिश्रण कडा सोडून गोळा व्हायला लागलं की उतरवायचं, वेलची-जायफळ घालायचं आणि कोमट असताना लाडू वळायचे. ओल्या खोबऱ्याचे असल्याने बाहेर दोन दिवसांपलीकडे टिकत नाहीत. दिवसाला एक पुरे. बाळंतिणीला हे देतात, पण दिवस गेलेले असताना अळीव खाऊ नयेत असा रिवाज आहे आणि तो पाळलेला बरा.

एका संध्याकाळी आम्ही दोघी हर्णैला गेलो. मुरुडहून अगदी जवळ. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, किनाऱ्यावर कनकदुर्गाचा उंचवटा, आणि मधल्या पुळणीवर ही गर्दी! होड्या लांब पाण्यात उभ्या असतात आणि बैलगाड्या चाकं बुडेपर्यंत पाण्यात जाऊन मासळी घेऊन येतात. वाळूवर ढीग लागतात आणि लिलाव सुरू होतो. बोली इतकी भराभर चालते की नवख्याला काही कळत नाही, घेणाऱ्याला मात्र बरोबर कळतं. आत्याबाईंच्या घरी मासे चालत नाहीत, आम्ही नुसत्या बघ्या. पण ज्यांच्याकडे चालतात त्यांना सांगते, पापलेट-सुरमईच्या मागे लागून खिसा रिकामा करू नका. बांगडा आणि तारली ही स्वस्त मासळी, पण तिच्यातलं तेल फार गुणाचं आणि प्रथिनंही भरपूर. वाळूत बसून बांगडे विकणाऱ्या एका बाईला पुतणीने सहज विचारलं, "मावशी, तुमच्या मुलीच्या लग्नाआधी तिला काय खायला घालता?" ती म्हणाली, "काय म्हंजे? जेवाया घालतो! लगीन झाल्यावर कोण घालील न कोण नाय."

परत येताना अंधारायला लागलं होतं. आम्ही मुरुडच्या पुळणीवरून चालत होतो. पुतणी एकदम म्हणाली, "काकू, एक सांगू? रागावू नका. ते दंडांचं तुम्हीच म्हणाला होतात."

मघाशी मी लिहिलं ना, 'कुणीतरी म्हणालं', ते कुणीतरी म्हणजे मी. मला आठवत होतं. घाटातही आठवत होतं आणि केशवराजाच्या पायऱ्यांवर तर फारच आठवलं. पण तिलाही ते लक्षात असेल असं मी स्वतःला वाटू दिलं नव्हतं. मी म्हटलं, "हो गं, मीच म्हणाले. मूर्खासारखं बोलले." ती काही बोलली नाही. वाळूतून तशीच चालत राहिली, थोड्या वेळाने तिने माझा हात धरला, आणि मला तेवढं पुरलं.

घरी पोचलो तर आत्याबाई ओटीवर वाट पाहत होत्या. दिवा लावून झाला होता. कर्व्यांच्या स्मारकावरून आलो म्हटल्यावर त्यांनी त्यांची नेहमीची गोष्ट सांगितली. धोंडोपंत लहानपणी परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्यापर्यंत पायी गेले होते, आणि तिथे साहेबांनी त्यांच्याकडे पाहून, हा वयाने लहान दिसतो, म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही. तोच मुलगा पुढे १९१६ साली बायकांचं विद्यापीठ काढता झाला आणि १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, भारतरत्न झाला. "दिसतो म्हणून परत पाठवलं हो!" असं म्हणून आत्याबाई दरवेळी तितक्याच चिडतात.

तोंडाला काय लावायचं ते मी विचारलं नाही असं तुम्हांला वाटेल. विचारलं. मसुराचं पीठ, सायीचं बोट, आंबेहळद, हे सगळं त्यांच्याकडेही आहे, आणि लावावं, मजा वाटते, कातडी मऊ होते. डोक्याला घाण्यावरचं खोबरेल त्या आठवड्यातून दोनदा चोळतात. तेलाने केस उगवत नाहीत, पण न्हाताना केसाची होणारी झीज कमी होते. मात्र कातडीचा वरचा थर नवा व्हायला साधारण महिना लागतो, म्हणून लग्नाच्या आठवड्यात सुरू केलेल्या फळांच्या रसाकडून चेहरा उजळायची अपेक्षा करू नये. त्या आठवड्यात झोप तेवढी मिळाली तरी पुष्कळ. आणि नवं काही तोंडाला फासायचं असेल तर ते दोन महिने आधी करून बघा, आदल्या दिवशी नको. आमच्या शेजारच्या मुलीच्या गालावर हळदीच्या दिवशीच पुरळ उठलं होतं, ते सारखं करता करता सगळ्यांची पुरेवाट झाली.

तुमच्याकडे ह्या मोसमात एखादं केळवण असेलच. बासुंदी नका करू असं मी म्हणणार नाही, हौस असते. पण अशा मुलीला महिन्याभरात बारा घरी बारा पक्वान्नं मिळतात आणि साधं जेवण कुठेच मिळत नाही, हे ध्यानात घ्या. गोडाचा एक पदार्थ ठेवा, आणि बरोबर मोडाची उसळ, पालेभाजी, कोशिंबीर, ताक असं नीट जेवण वाढा. कऱ्हाडला मला नाचणी, कुळीथ, अळीव सगळं वाण्याकडे मिळतं, तुमच्याही गावात मिळेल. शेवग्याचा पाला तर दारच्या झाडाचा, फुकटचा. आणि ब्लाउजच्या मापाबद्दल बोलायचं असेल तर शिंप्याशी बोला.

लग्न वैशाखात झालं. मधल्या काळात पुतणीने डबा सोडला नाही; वजन चार किलो परत आलं आणि हिमोग्लोबिन ११.४ पर्यंत चढलं. केस गळायचे थांबले, पण वेणी अजून बारीकच, त्यामुळे अंबाड्याला गंगावन लावावं लागलं. कपाळाच्या कडेला दोन-अडीच सेंटिमीटरचे नवे केस मात्र ताठ उभे राहिले होते, कुंच्यासारखे. सजवायला आलेली मुलगी ते चिकटवून बसवायला निघाली तर पुतणी म्हणाली, "राहू देत ते, फार कष्टाने आलेत." फोटोंमध्ये ते दिसतात.

आत्याबाई लग्नाला आल्या. गुडघ्यांना पट्टे बांधून, खेडपर्यंत भाच्याच्या गाडीने आणि पुढे एसटीने. येताना कुळथाच्या पिठाची पिशवी घेऊन आल्या होत्या, आणि ती त्यांनी माझ्या हातात न देता सरळ नव्या जावयाच्या हातात दिली. पिठी कशी करायची तेही त्यालाच सांगितलं.